भुतांच्या वर्गात रमाबाई

२०२३ साली ३१ ऑक्टोबर मंगळवारी आला. दिवाळी उशिरा होती, १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणजे शाळा चालू. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नंदुरबारमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पालक ग्रुपवर मेसेज पडला: मंगळवारी ‘हॅलोविन डे’. सीनियर केजी ते तिसरीच्या मुलांनी भूत, चेटकीण, सांगाडा अशा वेशात यावं, डब्यात ‘स्पूकी’ खाऊ आणावा, वर्गात भोपळ्याचं क्राफ्ट होईल. खाली तीन भोपळ्यांचे आणि एका वटवाघळाचा इमोजी.

बहुतेक आयांनी लगेच फोनवर काळी टोपी शोधायला घेतली. एका घरात मात्र त्यावरून सोमवारपर्यंत बोलणं चाललं. त्या घराची ही हकीकत. मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, संडे स्कूलमध्ये शिक्षकांबरोबर काम करते; त्या घरच्या आईने सल्ला विचारला म्हणून मला सगळं जवळून बघता आलं. घरच्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

हॅलोविनऐवजी मुलांसाठी काय करावं, यावर परदेशातल्या ख्रिस्ती पालकांना ढीगभर सल्ले मिळतात. त्या सल्ल्यांत एक गोष्ट धरून चाललेली असते: हा सण आजूबाजूच्या सगळ्यांचा आहे आणि ख्रिस्ती घराला त्यातून बाजूला व्हायचं आहे. खानदेशात तो कुणाचाच नाही. ग्रुपवरच्या हिंदूंचा नाही, जैनांचा नाही, मुसलमानांचाही नाही. तो शाळेच्या प्लॅनरमधून आला. त्यामुळे इथे अडचण वेगळी होती आणि तोडगाही वेगळाच निघाला.

घर आणि शेजार

वडील सरकारी कचेरीत कारकून, आई खाजगी दवाखान्यात नर्स. मुलगी तिसरीत, मुलगा सीनियर केजीत. सोबत वडिलांची आई. मूळ गाव नवापूर तालुक्यातलं, समाज मावची. पश्चिम खानदेशच्या या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं फिरत होती. चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल १९४२ सालचं. आजीच्या सासऱ्यांच्या वेळी हे घर ख्रिस्ती झालं, म्हणजे मुलांची ही चौथी पिढी.

शेजारी अहिराणी बोलणारी पाटलांची घरं, पलीकडे एक जैन कुटुंब. दिवाळीला फराळाची ताटं इकडे येतात, नाताळात करंज्या आणि केक तिकडे जातो. शेजारच्या काकू ताट देताना आपणहून सांगतात, ‘हे देवापुढचं नाही, वेगळं काढलंय.’ कुणी कुणाला समजावून सांगितलेलं नाही. वर्षानुवर्षांच्या राबत्यातून ते बसलेलं आहे. दुसऱ्याच्या सणात किती जायचं आणि कुठे थांबायचं, हे या घराला चांगलं माहीत होतं. हॅलोविनच्या बाबतीत मात्र सगळेच गोंधळले, कारण समोर ज्याला विचारावं असा शेजारीच नव्हता.

कोण काय म्हणालं

मुलीला टोपी हवी होती. जिवलग मैत्रीण चेटकीण होणार होती, एवढं कारण तिला पुरेसं होतं.

वडील म्हणाले, ‘फॅन्सी ड्रेस तर आहे. जाऊ दे की टोपी घालून. सगळ्यांत आपणच कशाला वेगळं दिसायचं?’ या वाक्यामागे आळस नव्हता. छोट्या गावात मूठभर ख्रिस्ती असलं की माणूस उगाच नजरेत यायला नको म्हणतो. धर्मांतराच्या नावाने कोण कधी काय बोलेल याचा भरवसा नसतो. वडिलांना मुलांच्या शाळेत तरी शांतता हवी होती.

आईने फोनवर एक उपदेश ऐकला होता आणि मंडळीच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्डही वाचला होता: ३१ ऑक्टोबर म्हणजे सैतानाचा वाढदिवस. तिचं म्हणणं, त्या दिवशी मुलांना घरीच ठेवू, ताप आला म्हणून कळवू. ‘ताप’ हा शब्द ऐकून मी तिला थांबवलं. देवाच्या नावाने घेतलेला निर्णय आणि त्यासाठी मारलेली थाप, या दोन्ही गोष्टी मुलगी एकाच वेळी शिकली असती.

आजी दोन दिवस काहीच बोलली नाही. तिला मुळात हॅलोविन म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. शनिवारी नातीने मोबाइलवर टोपीचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, ‘आजी, मी डाकीण होणार.’ आजी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या वरखाली करत होती. तिने हात पदराला पुसले, फोन हातात घेतला, चित्र पाहिलं आणि म्हणाली, ‘डाकीण मी पाहिली आहे. तिच्या डोक्यावर अशी टोपी नव्हती.’

मग तिने सांगितलं ते असं. ती नवीन लग्न होऊन आलेली असताना गावात एक विधवा बाई होती, नात्यात चुलत सासू लागायची. एका घरातलं मूल दगावलं, पाठोपाठ एक बैल मेला. भगताकडे गेले, भगताने बाईचं नाव घेतलं. त्यानंतर तिला विहिरीवर येऊ देईनात, तिच्या हातचं कुणी घेईना. एका रात्री मारहाण झाली. ती पोरासकट गाव सोडून गेली आणि तिची दोन बिघे जमीन दिराच्या ताब्यात गेली. आजीने शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं, जमिनीचं.

सातपुड्यात आणि तापीच्या खोऱ्यात अशी प्रकरणं जुन्या काळाबरोबर संपलेली नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भागात डाकीण प्रथेविरुद्ध बरंच काम केलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. एखाद्यावर करणीचा, भुताखेताचा आरोप ठेवून त्याला छळणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. ज्या जिल्ह्यात बायकांना डाकीण ठरवून गावाबाहेर काढलं गेलं, त्याच जिल्ह्याच्या शाळेत आठ वर्षांच्या मुलींनी गंमत म्हणून डाकीण व्हावं, हे मला बायबल उघडायच्या आधीच खटकतं. परदेशी सल्ल्यांत हा मुद्दा कुठे सापडणार नाही.

मुलीने टोपीचा विषय त्या दिवसानंतर काढला नाही. तिला पटलं की ती घाबरली, ते मला सांगता येणार नाही. ‘मग मी काय होऊ?’ हा प्रश्न मात्र उरला. मनाई करून मोकळं झालेलं घर नेमकं या प्रश्नाशी अडतं.

सण मुळात कसला

फॉरवर्डमधला सैतानाचा वाढदिवस आधी बाजूला ठेवावा लागला. त्याला कसलाच आधार नाही, आणि मुलं मोठी होऊन शोधतात तेव्हा आईबापांची बाकीची वाक्यंही त्याबरोबर बाद होतात.

हॅलोविन हे नावच चर्चच्या पंचांगातून आलं. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ ती ही. आठव्या शतकात तिसरा ग्रेगरी या पोपने रोममध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं. ८३५ साली चौथ्या ग्रेगरीच्या काळात १ नोव्हेंबरचा सण पश्चिम युरोपभर पाळला जाऊ लागला. २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा सुगी संपल्यावरचा सॉविन हा सण त्याच सुमारास यायचा. त्या रात्री मेलेल्यांचं आणि जिवंतांचं जग जवळ येतं अशी समजूत. दोन्ही एकमेकांत मिसळले. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने हैराण झालेले आयरिश लोक अमेरिकेला गेले, सलगम कोरून दिवे करायची चाल सोबत नेली आणि तिकडे सलगमाऐवजी भोपळा हाताला लागला. घरोघर चॉकलेटं मागत फिरणं तर विसाव्या शतकातलं. त्याच ३१ ऑक्टोबरला, १५१७ साली, मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाने आपले पंच्याण्णव मुद्दे मांडले; चर्चच्या दारावर कागद ठोकून, असं सांगतात. म्हणून प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो धर्मसुधारणेचा दिवस.

म्हणजे या तारखेवर ख्रिस्ती माणसाचाही जुना हक्क आहे. आईला हे ऐकून हायसं वाटलं. मुलांना ज्या दिवसापासून लांब ठेवायचं ठरवलं होतं, त्या दिवसात आपलं असं काहीतरी होतं.

बायबलचं काय, असं तिने विचारलंच. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात चेटूक, शकुन पाहणं, मृतांना विचारणं यांना साफ मनाई आहे. आणि रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात पौल सांगतो की कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची पक्की खात्री करावी. पाळकसाहेबांनी दोन्ही दाखवलं आणि म्हणाले, निर्णय घरचा. काही पाळक एवढंही मोकळं सोडत नाहीत.

बाहेरचे पर्याय

परदेशात ख्रिस्ती घरं काय काय करतात याची यादी आम्ही समोर ठेवली. काही जण दारावरचा दिवा मालवून घरात बसतात. काही जण दाराशी आलेल्या मुलांना चॉकलेटबरोबर वचनाचं पत्रक देतात. इंग्लंडात चर्चमध्ये ‘लाइट पार्टी’ होते: उजळ कपडे, मेणबत्त्या, गाणी. अमेरिकेत चर्चच्या आवारात गाड्या रांगेत लावून डिकीतून खाऊ वाटतात, म्हणजे मुलं अनोळखी दारांवर जात नाहीत. कॅथलिक मुलं संतांच्या वेशात येतात. १९५० साली फिलाडेल्फियात काही मुलांनी गोड खाऊऐवजी युनिसेफसाठी नाणी गोळा केली, ती चाल पुढे बरीच पसरली.

यातलं अर्धं इथे लागूच होत नव्हतं. आपल्या दारावर ३१ ऑक्टोबरला कुणी येत नाही, तर दिवा मालवायचा कुणासाठी? डिकीतून खाऊ वाटायचा तर मंडळीच्या आवारात लागतात स्कूटी. पत्रक वाटण्याला वडिलांनी ठाम नकार दिला आणि माझं मत त्यांच्याच बाजूचं पडलं. शेजारच्या लहान मुलांना आईबापांच्या गैरहजेरीत बोलावून खाऊबरोबर धर्माचा कागद देणं हे आपल्याकडे शहाणपणाचं नाही आणि सरळपणाचंही नाही. आपल्या पोराच्या हातात कुणी असंच काही दिलं तर आपल्याला चालेल का, एवढं स्वतःला विचारलं की पुरे.

लाइट पार्टीबद्दल माझी एक तक्रार आहे. भुतं काढून टाकायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं: तोच भोपळा, तीच चॉकलेटं, तीच सजावट, फक्त काळ्याऐवजी पिवळं. मूल सात मिनिटांत ओळखतं की हे खऱ्याची नक्कल आहे. शिवाय मुलांना हॅलोविनमध्ये ओढतं ते चॉकलेट थोडंच? भीतीशी खेळायला मिळतं, मेलेल्यांबद्दल उघड बोलायला मिळतं, रात्री बाहेर राहायला मिळतं. त्या उत्सुकतेला पर्यायात जागाच ठेवली नाही तर तो पर्याय मोठ्यांच्याच समाधानासाठी उरतो.

संतांच्या वेशाची कल्पना मात्र घेण्यासारखी होती. प्रोटेस्टंट घरात संत म्हणायला जीभ अडखळते, पण बायबलमधल्या इब्रीकरांस पत्रात विश्वासाने जगून गेलेल्यांचा, ‘साक्षीदारांचा मोठा मेघ’ आहे, आणि मराठी मंडळीकडे तर अशी माणसं भरपूर: बाबा पदमनजी, ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई. मुलीने रमाबाई निवडल्या. कारण विचारलं तर म्हणाली, ‘त्या एकट्या बोटीने गेल्या होत्या.’ खरं तर सोबत लहान मुलगी होती, पण मी तिला टोकलं नाही.

मॅडमशी बोलणं

सोमवारी आईबाबा दोघं शाळेत गेले. दोघांनी जायचं हा वडिलांचा आग्रह. एकट्या आईने गेलं की ‘त्यांच्याकडे फार धार्मिक आहेत’ एवढीच नोंद होते. आईने चिठ्ठी लिहून नेली होती, ती तिच्या परवानगीने देते:

‘मॅडम, सप्रेम नमस्कार. आमच्या घरी भूत-चेटकीण असे वेश करत नाहीत. मुलीला उद्या शाळेत पाठवतो आहोत. ती पंडिता रमाबाईंच्या वेशात येईल आणि भोपळ्याच्या क्राफ्टमध्ये सगळ्यांबरोबर बसेल. तिच्यासाठी वेगळं काही करावं अशी विनंती नाही. तिला वेश का वेगळा असं कुणी विचारलं तर तीच सांगेल.’

या चिठ्ठीत तक्रार नाही, उपदेश नाही, शाळेने काय करावं याची यादी नाही. मूल येणार आहे, काय घालून येणार आहे, कशात भाग घेणार आहे, एवढंच. मला ती फार आवडली.

मॅडम धुळ्याकडच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, ‘आमच्या कानबाईच्या रोटांसारखं म्हणा की. ते आम्ही भाऊबंदांतच खातो, बाहेर देत नाही. म्हणून शेजारी रागावतात का?’ मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की हा हॅलोविन शाळेचाही नाही, मुख्य कार्यालयाकडून छापील प्लॅनर येतो, त्यात तारीख टाकलेली असते. ‘दिवाळीच्या तोंडावर लेकरांना भूत कशाला बनवता’ असे आणखी पालकांचेही फोन येऊन गेले होते. त्यांतलं एकही घर ख्रिस्ती नव्हतं.

वडील घरी येताना बरेच मोकळे झाले होते. आपण एकटेच वेगळे दिसू ही त्यांची धास्ती होती आणि ती निराधार निघाली.

सीनियर केजीच्या वर्गशिक्षिकेला मात्र कुणी भेटलं नाही. धाकट्याला वेशाचं काही पडलेलं नव्हतं, त्याने नारिंगी कुर्ता घालून डांगर, म्हणजे भोपळा, व्हायचं कबूल केलं होतं. सगळ्यांचं लक्ष थोरलीकडे होतं.

मंगळवार

थोरली पांढरी साडी नेसून, हातात जुनं पुस्तक घेऊन वर्गात गेली. नंदुरबारला वेशभूषेचा कार्यक्रम म्हटला की त्यात बहुधा एक तरी शिरीषकुमार असतो. ९ सप्टेंबर १९४२ ला इथे गोळीबारात गेलेला तो शाळकरी मुलगा या गावाचा लाडका. त्या दिवशी तोही नव्हता. वर्गभर चेटकिणी आणि सांगाडे. पांढऱ्या साडीतली मुलगी पाहून पहिलाच प्रश्न आला, ‘तू हिंदी पिक्चरमधलं भूत आहेस ना?’

आम्ही मोठ्यांनी एवढा विचार केला, पण पांढरी साडी म्हणजे भूत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मुलीने दिलेलं उत्तर मॅडमनी नंतर आईला फोन करून सांगितलं: ‘मी रमाबाई. मी १९२२ साली वारले. पण मी भूत नाही.’ मॅडमनी मग तिला उभं केलं आणि रमाबाईंबद्दल सांगायला लावलं. तिने १८८९ चं शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या बायका आणि मुली, एवढं सांगितलं. बायबलचं भाषांतर सांगायचं राहिलं, असं ती घरी आल्यावर हळहळली.

संध्याकाळी घरी मोठा कार्यक्रम नव्हता. शेजारच्या काकू आणि त्यांची दोन मुलं, जैन कुटुंबातली एक मुलगी तिच्या आईसह, मंडळीतली दोन घरं. आयांना मुद्दाम बोलावलं होतं. आजीने डांगराचे घारगे तळले. वडिलांनी जुन्या फळीवर खिळे ठोकून लूथरचा कागद लावायचं नाटक करून दाखवलं; धाकट्याला लूथर कळला नाही, हातोडा कळला.

मग खाऊ ओळखायचा खेळ. खानदेशात भुलाबाईच्या महिन्यात मुली घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात. कोजागिरी नुकतीच झाली होती, शेजारच्या मुलीच्या जिभेवर तो खेळ ताजा होता. आई जरा चाचरली: भुलाबाई म्हणजे पार्वतीच की. मग भुताची टोपी नको आणि हे चालतं कसं? प्रश्न रास्त आहे, आणि अशा वेळी ‘ते आपलं, हे परकं’ असं म्हणून तो टाळता येत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौलाने बाजारातल्या मांसाबद्दल जे लिहिलं तेच इथे कामी येतं: बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. डबा हलवून खाऊ ओळखण्यात पूजा नाही. भुलाबाईची मूर्ती मांडून आरती करायची असती तर ती वेगळी गोष्ट होती. आजीला यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही, ती डब्यात शेंगदाण्याची चिक्की भरून मोकळी झाली. कुणालाच ओळखता आली नाही, कारण तिने आवाज होऊ नये म्हणून मध्ये कापूस घातला होता.

जेवणाआधी घरची रोजची प्रार्थना झाली. पाहुण्यांसाठी जास्तीची नाही आणि पाहुणे आहेत म्हणून गाळलीही नाही.

बुधवारची सकाळ

त्या रात्री धाकटा ओरडून उठला. शाळेत सांगाड्यांच्या नाचाचा व्हिडिओ दाखवला होता, त्यातला एक सांगाडा कपाटातून बाहेर येतो. पोरगं कपाटाकडे बघायलाच तयार नाही. आईने प्रार्थना केली, दिवा चालू ठेवला, कपाट उघडून दाखवलं. पहाटेपर्यंत तो तिच्या कुशीला चिकटून होता.

१ नोव्हेंबरला आईची रात्रपाळी होती, म्हणून सकाळ मोकळी. आजोबांच्या कबरीवर जायचं आधीच ठरलं होतं. त्यांच्या मंडळीत हा दिवस पाळायची पद्धत नाही; कॅथलिक शेजाऱ्यांकडून ती कल्पना घेतली. आईला आता भीती वाटली: रात्री सांगाड्याने घाबरलेल्या मुलाला सकाळी कब्रस्तानात न्यायचं? आजी म्हणाली, ‘दिवसाउजेडी न्यायचं. मग कधी न्यायचं?’

मीही होते. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढलं होतं. वडिलांनी विळ्याने ते काढलं, थोरलीने झेंडूची फुलं लावली, धाकट्याकडे पाण्याची बाटली. तो कबरीपासून चार हात लांब उभा. मग त्याने विचारलं, ‘आजोबांची हाडं आत आहेत का?’

आई काहीतरी ‘आजोबा स्वर्गात आहेत’ असं म्हणणार, एवढ्यात आजीने त्याला जवळ ओढलं. ‘आहेत ना. तुझीपण आहेत, हे बघ.’ आणि त्याचं मनगट चिमटीत धरून तिने त्याला हाड लागेपर्यंत दाबलं. त्याने स्वतःचं दुसरं मनगट दाबून पाहिलं, मग आजीचं, मग ताईचं. आजीचं हाड सगळ्यात लवकर लागतं, असं त्याने जाहीर केलं. त्यानंतर आजीने सांगितलं की येशू परत येईल तेव्हा आजोबा उठतील, आणि तोवर इथलं गवत काढायचं काम आपलं. बाटली रिकामी होईपर्यंत त्याने झेंडूला पाणी घातलं.

भीती एका सकाळीत गेली असं नाही. कपाटाचं दार आणखी काही रात्री बंद करून, त्याला खुर्ची लावून झोपावं लागलं. पण सांगाडा हा कपाटातून येणारा कुणीतरी न राहता मनगटात असलेली वस्तू झाला, आणि ते बोलण्याने झालं नसतं. सगळ्या पर्यायांत सगळ्यात साधा आणि बिनखर्चाचा हाच होता, आणि मला विचाराल तर सगळ्यात ख्रिस्तीही हाच.

५ नोव्हेंबरच्या रविवारी मंडळीत हंगामाचा सण होता. मक्याची कणसं, तूरडाळ, केळीचा घड, ओल्या मिरच्यांची टोपली, कुणाची कोंबडी, सगळं वेदीपुढे मांडलेलं. या घराने एक डांगर नेलं. उपासनेनंतर लिलाव. बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणारं डांगर दोन काकांच्या चढाओढीत तीनशेवर गेलं आणि धाकटा बाकावर उभा राहून बोली वाढवत होता. त्याला खाली बसवताना वडिलांची तारांबळ उडाली. पैसे मंडळीच्या दवाखाना निधीला. हा सण वर्षानुवर्षं होता, फक्त मुलांना त्यात आजवर काम नव्हतं. ती मागच्या बाकावर चुळबुळ करायची.

पुढची वर्षं

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली. शाळेला सुट्टी, प्लॅनर गप्प. मुलीने वेशाचं नाव काढलं नाही. धाकट्याने मात्र ‘आजोबांचं गवत’ काढायची आठवण करून दिली आणि पाडव्याच्या सकाळी, २ नोव्हेंबरला, फटाक्यांच्या आवाजात ते काम झालं. शेजारच्या काकू घारगे कधी, असं विचारून गेल्या.

२०२५ च्या दिवाळी सुट्टीत मुलं पुण्याला आत्याकडे होती. तिथल्या सोसायटीत ३१ तारखेला मुलं टोळीने दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. मुलीने फोन करून विचारलं. आई नाही म्हणाली, बाबा हो म्हणाले, आणि यावर दोघांचं आजही एकमत नाही. आईचं म्हणणं, घरात एक आणि पुण्यात दुसरं असं होतं. बाबांचं म्हणणं, वेश न करता भावंडांबरोबर चार दारं फिरली तर काय झालं. शेवटी ती साध्या कपड्यांत गेली. परत आल्यावर तिची तक्रार एवढीच होती की बऱ्याच लोकांनी दारच उघडलं नाही आणि ज्यांनी उघडलं त्यांनी तिला विचारलं, ‘तू काय झाली आहेस?’

२०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, ३१ ऑक्टोबर शनिवारी. म्हणजे पुन्हा शाळा चालू असतानाचा हॅलोविन, आणि धाकटा आता त्याच मॅडमच्या तिसरीत. आईने या वेळी चिठ्ठी जूनमध्येच दिली आहे. त्यात वेशाबद्दल एक ओळ आहे आणि व्हिडिओबद्दल तीन: वर्गात काय दाखवणार ते आदल्या दिवशी कळवा, आम्ही घरी आधी बघून घेऊ, त्याला त्या तासाला बाहेर बसवायची गरज नाही.